साखर निम्मी केली आणि केक बिघडला: हाँगकाँगच्या एका घरातल्या हुंग-दाउ-गोउचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर हाँगकाँगचं. आजी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. चांद्र नववर्षाच्या आदल्या आठवड्यात आजी दरवर्षी हुंग-दाउ-गोउ करतात. अझुकी हे बारीक लाल कडधान्य आणि तांदळाचं पीठ यांचा हा वाफवलेला केक. यात ओव्हन नाही, अंडं नाही, फुगवणारी पावडर नाही. पिठाचा घोळ गरम पाकाने अर्धवट शिजवायचा, त्यात शिजलेले दाणे मिसळायचे, साच्यात ओतून वाफेवर ठेवायचा. गार झाला की वड्या पाडायच्या आणि पाहुणे आले की तेवढ्याच तव्यावर परतून द्यायच्या. नववर्षाचे पंधरा दिवस लोकांची ये-जा असते आणि डबा टेबलावरून हलत नाही.

आजींचं जुनं माप असं होतं:

चिकट तांदळाचं पीठ ३०० ग्रॅम
साध्या तांदळाचं पीठ १०० ग्रॅम
पीन-तोंग, म्हणजे उसाच्या तपकिरी साखरेच्या चपट्या पट्ट्या, ३५० ग्रॅम
अझुकी, कोरडे, १०० ग्रॅम
डुकराची चरबी ३० ग्रॅम
पाणी ५५० मिली

२० सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यात याच्या २४ वड्या पडतात.

अडचण

तपासणीत आजींचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारं माप, ६.२ टक्के आलं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांप्रमाणे ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहपूर्व स्थिती. औषध सुरू झालं नाही. साखर आणि पांढऱ्या पिठाचे पदार्थ कमी करा, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. नववर्ष तोंडावर आलं होतं.

सुनेने जुन्या मापाचा हिशोब मांडला. पूर्ण केकमध्ये साधारण ३,४०० किलोकॅलरी, म्हणजे एका वडीत १४०च्या आसपास. वडीत कर्बोदकं ३० ग्रॅम, त्यातली वरून घातलेली साखर साडेचौदा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवायला सांगितलं. २,००० किलोकॅलरीच्या आहाराला हे माप अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतं. दोन वड्या खाल्ल्या की खालची मर्यादा ओलांडली जाते, आणि परतताना लागणारं तेल वेगळंच.

आजींचा आग्रह एवढाच होता की पाहुण्याने पहिला घास घेतल्यावर हा ‘आजारी माणसाचा केक’ आहे असं त्याला वाटता कामा नये. ही अट योग्य होती असं आम्हाला वाटतं. सणाचा पदार्थ कोणी खाल्लाच नाही तर तो कितीही पौष्टिक असून उपयोग नाही.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

सुनेने सर्वात सरळ वाटणारी गोष्ट केली. साखर ३५० वरून १७५ ग्रॅमवर आणली, थोडं गार पाणी वाढवण्यापलीकडे बाकी सगळं तसंच ठेवलं. केक तीन ठिकाणी बिघडला. दाणे तळाशी जाऊन बसले. तळाचा थर घट्ट आणि पिठूळ झाला, तर वरचा थर पाणचट आणि अर्धपारदर्शक. फ्रिजमधून दुसऱ्या दिवशी काढलेल्या वडीच्या कडा इतक्या कडक होत्या की सुरी दाबावी लागली.

इथे साखर नुसती गोडीसाठी नसते. विरघळलेली साखर जागा व्यापते: दर ग्रॅममागे साधारण ०.६ मिली. १७५ ग्रॅम कमी केली म्हणजे घोळातून शंभरेक मिली द्रव काढून घेतल्यासारखं झालं. ही तूट सुनेने अंदाजाने गार पाणी घालून भरली. जुन्या घोळातला पाक जवळजवळ ४० टक्क्यांचा, जाडसर असायचा, आणि ती जाडीच दाण्यांना अधांतरी धरायची. नवा पाक पातळ होता. साखर पाणीही धरून ठेवते, त्यामुळे गार झाल्यावर तांदळाचा स्टार्च पुन्हा आवळून कडक होण्याचा वेग मंदावतो. साखर गेली की तो वेग वाढतो, आणि साध्या तांदळात अमायलोज, म्हणजे गार झाल्यावर लवकर घट्ट होणारा स्टार्चचा प्रकार, जास्त असल्यामुळे तिथे तो आधी जाणवतो.

पण सगळ्यात मोठं नुकसान वेगळ्याच ठिकाणी झालं आणि ते सहज लक्षात येण्यासारखं नव्हतं. ३५० ग्रॅम पट्ट्या लवकर विरघळाव्यात म्हणून पाणी उकळलं जायचं. १७५ ग्रॅम कोमट पाण्यातही विरघळल्या, म्हणून पाक उकळलाच नाही. उकळता पाक पिठाच्या घोळात ओतला की तांदळाचा स्टार्च फुगू लागतो आणि घोळ दाट होतो. कोमट पाकाने असं काहीच झालं नाही. साच्यात ओतलेलं पीठ कच्चंच होतं, ते हळूहळू तळाशी उतरलं आणि दाण्यांनाही खाली घेऊन गेलं. आजी दरवर्षी पाक उकळायच्या तो साखर विरघळावी म्हणून, असं घरात सगळे समजत होते. खरं तर ती पायरी केकचा पाया होती.

तोललेले पर्याय

जुनाच केक करून एकच वडी खाणं. कागदावर हा सर्वात प्रामाणिक पर्याय आहे, आणि शिस्त पाळणाऱ्या माणसाला तो पुरतो. पण पंधरा दिवस डबा समोर असतो, प्रत्येक पाहुण्याबरोबर एक वडी होते आणि यजमानीणबाईंनी न खाणं शिष्टाचारात बसत नाही. तो बाद झाला.

साखरेऐवजी गोडी देणारे पदार्थ. एरिथ्रिटॉल साखरेच्या साधारण दोन तृतीयांश गोड असतं, ते तोंडात गारवा सोडतं आणि फ्रिजमध्ये त्याचे कण पुन्हा जमतात. मऊ केकमध्ये मग दाताखाली कचकच येते. पाणी धरण्याचं कामही ते साखरेइतकं करत नाही. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेविना गोडी देणारे पदार्थ वापरू नयेत अशी सूचना दिली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही आणि एरिथ्रिटॉलसारखी शर्करा-अल्कोहोलं तिच्यात येत नाहीत, त्यामुळे त्या आधारावर निर्णय करता येत नव्हता. केकचा पोत मात्र स्पष्ट सांगत होता.

लो-होन-क्वो. दक्षिण चीनमधल्या ग्वांगशीत पिकणारं हे फळ वाळवून उकळलं की साखर न घालताही पाणी गोड होतं, आणि चिनी घरांत ते ओळखीचं आहे. अर्धं फळ फोडून अझुकीबरोबर उकळून पाहिलं. गोडी आली, पण बरोबर वनौषधींच्या चहाची चवही आली. नातवंडांनी ती पहिल्याच घासाला ओळखली. ‘आजारी माणसाचा केक’ नको, या अटीशी हे थेट विसंगत होतं.

ब्राऊन राइसचं पीठ. कोंड्याचे कण घोळाची सलग जाळी तोडतात, त्यामुळे वडी भुसभुशीत होते. कोंड्यातल्या तेलामुळे पीठ लवकर खवट होतं. तंतूंचा (फायबरचा) फायदा खरा असला तरी इतक्या थोड्या पिठातून तो किरकोळच मिळतो.

‘साखर तपकिरी आहे, म्हणून चालेल.’ घरातल्या एकाचं मत असं होतं. पीन-तोंग म्हणजे बहुतांश सुक्रोजच. तिच्यातली खनिजं इतकी कमी की वडीमागे ती मोजण्यासारखी नाहीत. तिची चव चांगली आहे, थोड्याशा मापातही ती जाणवते, आणि तिला ठेवण्याचं कारण तेवढंच. आपल्याकडे गुळाबद्दल हीच समजूत आहे आणि तिथेही उत्तर हेच.

अझुकी वाढवून पीठ कमी करणं. १०० ग्रॅम कोरड्या अझुकीत साधारण २० ग्रॅम प्रथिनं आणि १२ ते १३ ग्रॅम तंतू असतात. मूग, उडीद, मटकी आणि चवळी यांच्याच कुळातलं हे कडधान्य. शिजवून ठेचलं की पाणी धरून ठेवतं आणि घोळाला अंग देतं. साखर काढल्यावर जी कामं उघडी पडली, त्यातली दोन हे कडधान्य स्वतःच उचलतं. घरातल्यांनी हाच मार्ग धरला आणि आमच्या मते तो एकमेव टिकाऊ मार्ग होता. बाकीचे सगळे पर्याय साखरेच्या जागी दुसरी गोड वस्तू शोधत होते. इथे साखरेची कामं वाटून दिली गेली.

खरेदीतला एक फसवा वळसा

‘आणखी पौष्टिक’ म्हणून सुनेने औषधी वाळवणाच्या दुकानातून छेक-सिउ-दाउ आणले. दिसायला लालच, पण दाणा अझुकीपेक्षा अरुंद आणि लांबट. ही वेगळी जात आहे. चिनी वैद्यकाच्या कल्पनेप्रमाणे शरीरातला ‘ओलावा’ काढणाऱ्या सूपसाठी ती वापरतात. कितीही शिजवली तरी ती पिठूळ होत नाही, तिचं साल चिवटच राहतं, आणि ठेचल्यावर लगदा मिळण्याऐवजी सालं हाती लागतात. केकसाठी हवा तो गोलसर, फुगीर, एका बाजूला पांढरी रेघ असलेला हुंग-दाउ, म्हणजे अझुकीच. जुना साठा टाळायचा: रंग काळपट असेल आणि दाण्यांना चकाकी नसेल तर भिजवूनही काही दाणे खड्यासारखे राहतात.

ठरलेलं माप

अझुकी, कोरडे, २५० ग्रॅम
साध्या तांदळाचं बारीक पीठ १६० ग्रॅम
चिकट तांदळाचं पीठ ८० ग्रॅम
पीन-तोंग ११० ग्रॅम
अझुकी शिजवलेलं पाणी ६०० मिली
छान-पेइ, म्हणजे वाळवून जुनी केलेली संत्र्याची साल, एक तुकडा, सुमारे ६ ग्रॅम
शेंगदाणा तेल १ मोठा चमचा, साच्याला लावण्यासह
मीठ पाव छोटा चमचा

चिकट पीठ कमी केल्याने केकचा स्वभाव बदलतो, हे आधीच मान्य करायला हवं. चिकट तांदळाचा स्टार्च जवळजवळ सगळा अमायलोपेक्टिनचा. तो ताणतो, दातांना चिकटतो आणि मऊ राहतो. साध्या पिठामुळे वडी धारदार कापली जाते. नुसत्या साध्या पिठाचा केक मात्र फ्रिजमध्ये दगडासारखा होतो, म्हणून एक तृतीयांश चिकट पीठ ठेवलं.

या टप्प्यावर आजींनी हरकत घेतली आणि ती रास्त होती. नीन-गोउला, म्हणजे नववर्षाच्या चिकट तांदळाच्या केकला, चिकटपणा हवाच, तोच त्याचा मान आहे. तोडगा त्यांनीच काढला: देवघरात ठेवायला १२ सेंटिमीटरचा एक छोटा नीन-गोउ जुन्या मापाने, जुन्या चिकटपणाचा, आणि खाण्यासाठीचा हुंग-दाउ-गोउ नव्या मापाने. नैवेद्याची आणि खाण्याची वाट वेगळी झाल्यावर पुढची सगळी चर्चा सोपी झाली.

चवीची बाजू छान-पेइने सांभाळली. दक्षिण चीनच्या ग्वांगतोंग प्रांतातल्या शिनहुईची साल सर्वात नावाजलेली, आणि अझुकीच्या गोड सूपमध्ये ती घालण्याची कँटनी पद्धत जुनीच आहे. साल २० मिनिटं भिजवायची, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून काढायचा, नाहीतर कडूपणा उतरतो. मग बारीक कापायची. तिच्या वासाने आणि चिमूटभर मिठाने कमी साखरेची चव भरीव लागते.

कृती, निर्णयांसह

अझुकी निवडून, धुऊन आठ तास भिजवले. याचं साल पाणी चटकन आत घेत नाही. तासाभराचं भिजवणं जवळपास न भिजवल्यासारखंच. भिजवलेलं पाणी टाकलं. पहिलं उकळलेलं पाणीही टाकावं की नाही यावर घरात दोन मतं होती. टाकलं तर तुरटपणा जातो, पण रंग आणि पोटॅशियमही जातं. आजींनी ते ठेवलं आणि तेच बरोबर ठरलं, कारण पुढे घोळात साध्या पाण्याऐवजी हेच पाणी जातं. घरात कोणाला मूत्रपिंडाचा विकार असेल आणि पोटॅशियम मर्यादित ठेवायचं असेल, तर मात्र हा निर्णय उलटा करावा आणि केकबद्दलच डॉक्टरांना विचारावं.

दीड लिटर ताज्या पाण्यात छान-पेइसह उकळी आणली, मग आच अगदी मंद केली. झाकण किंचित उघडं. जोरात उकळलं की दाणे एकमेकांवर आपटून फुटतात. ४५ ते ६० मिनिटांत दाणा बोटांत सहज चिरडतो, पण सालाने अखंड दिसतो. तिथे थांबायचं आणि झाकून २० मिनिटं ठेवायचं. साखर या टप्प्याआधी कधीही नाही, कारण गोड पाण्यात दाणा मऊ व्हायचा थांबतो. भांडं स्टीलचं. लोखंडी कढईत दाण्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पाणी काळपट होतं. पहिल्या वेळी केक करडा दिसला त्याचं कारण हेच होतं.

दाणे गाळून पाणी मोजलं. ६०० मिलीपेक्षा कमी भरलं तर साधं पाणी घालून पुरं करायचं. शिजलेले दाणे सुमारे ६०० ग्रॅम होतात. त्यातला एक तृतीयांश भाग चमच्याने ठेचला, उरलेले अख्खे ठेवले आणि मूठभर वर पेरायला बाजूला काढले.

दोन्ही पिठं २५० मिली गार झालेल्या पाण्यात कालवून अर्धा तास ठेवली. पीठ आतपर्यंत भिजलं नाही तर वाफवल्यावरही कच्चट, खडूसारखी चव राहते. उरलेल्या ३५० मिली पाण्यात पीन-तोंग विरघळवली, मीठ आणि तेल घातलं, पाक गाळला. पट्ट्यांत बारीक गाळ असतोच. मग पाकाला पुन्हा खळखळून उकळी आणली.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. पिठाचा घोळ तळापासून ढवळून घ्यायचा, कारण अर्ध्या तासात पीठ खाली बसलेलं असतं. एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने उकळता पाक धारेने ओतायचा. या मापात मिश्रणाचं तापमान साधारण ६० ते ६५ अंशांवर येतं, आणि तांदळाचा स्टार्च फुगायला तिथूनच सुरुवात होते. म्हणजे हे माप सीमेवरचं आहे: स्वयंपाकघर गार असेल किंवा भांडं जड असेल तर घोळ पातळच राहतो. तसं झालं तर मंद आचेवर एक-दोन मिनिटं, अखंड ढवळत, कढीइतका दाट होईपर्यंत. पळी बाहेर काढली की मागे पातळ थर टिकला पाहिजे. फार दाट झाला, गोळा होऊ लागला, तर दोन-तीन चमचे गरम पाणी घालून सैल करता येतो. खात्री करायची असेल तर एक दाणा घोळात टाकून पाहायचा: तो तरंगला किंवा हळूच अर्ध्यात थांबला तर ठीक; सरळ तळाशी गेला तर अजून आच हवी.

ठेचलेले आणि अख्खे दाणे मिसळून तेल लावलेल्या साच्यात घोळ ओतला. थर पावणेचार सेंटिमीटर. कढईत पाणी खळखळत असतानाच साचा ठेवायचा. गार पाण्यावर ठेवला तर घोळ पुन्हा थरांत वेगळा व्हायला वेळ मिळतो. झाकणाला कापड गुंडाळायचं, नाहीतर वाफेचे थेंब पडून वर खळगे पडतात. ४५ ते ५० मिनिटं, मोठी आच. पाणी कमी झालं तर उकळतंच घालायचं. शेवटच्या दहा मिनिटांत बाजूला ठेवलेले दाणे वर पेरले.

शिजल्याची खूण गव्हाच्या केकसारखी नसते. काडी स्वच्छ बाहेर येत नाही, ती चिकटच येते. बघायचं ते एवढंच की काडीवर पांढरं, दुधाळ पीठ नसावं. मध्यभागी असेल तर आणखी दहा मिनिटं.

गरम केक कापला तर सुरीला लिबलिबीत गोळा लागतो आणि तो कच्चा आहे असा समज होतो. तासा-दीड तासात कोमट झाला की झाकून फ्रिजमध्ये, आणि तीन-चार तासांनी ओल्या सुरीने वड्या. रात्रभर बाहेर ठेवण्याची जुनी सवय इथे सोडावी लागली. शिजलेल्या तांदळात बॅसिलस सेरियस हे अन्नातून विषबाधा करणारे जिवाणू वाढू शकतात, आणि जुन्या मापातल्या दाट साखरेचा थोडाफार आधारही आता उरला नव्हता. फ्रिजमध्ये चार दिवस, त्यापुढे फ्रीझर.

निकाल

नव्या केकमध्ये साधारण २,२५० किलोकॅलरी, वडीत ९४. कर्बोदकं ३० वरून १९ ग्रॅमवर आली. घातलेली साखर साडेचौदावरून साडेचार ग्रॅमवर. प्रथिनं पावणेदोनवरून पावणेतीन ग्रॅमच्या आसपास गेली, आणि अझुकीतून येणारे तंतू पूर्ण केकमागे १३ ग्रॅमवरून ३२ ग्रॅमवर.

तव्यावरचं तेलही कमी झालं. पूर्वी सहा वड्यांना दोन मोठे चमचे तेल लागायचं. चिकट पीठ तव्याला धरतं म्हणून. आता नॉनस्टिक तव्यावर एक छोटा चमचा पुरतो. साखर कमी असल्यामुळे खरपूस रंग उशिरा येतो, म्हणून मध्यम आचेवर प्रत्येक बाजू तीन मिनिटं, मध्ये न हलवता. पाहुण्यांना द्यायच्या निम्म्या वड्या नुसत्या सहा-आठ मिनिटं वाफवून दिल्या आणि आजींना त्याच जास्त आवडल्या.

पाहुण्यांपैकी थोरांना चिकटपणा कमी वाटला. तो कमी होताच. ‘गोड कमी आहे’ अशी तक्रार मात्र कोणी केली नाही. दाणा भरपूर असल्याने उलट हा महागातला केक वाटला. मुलांना छान-पेइचे तुकडे दाताखाली नको होते, म्हणून पुढच्या वेळी ती अख्खी उकळून काढून टाकायचं ठरलं.

तरीही दोन वड्यांत ३८ ग्रॅम कर्बोदकं आहेतच, आणि तांदळाचं पीठ रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारं आहे. हा मधुमेहाचा केक नाही, आधीपेक्षा बरा असलेला सणाचा केक आहे. आजींसाठी दिवसाला एक वडी ठरली, तीही जेवणानंतर. रिकाम्या पोटी चहाबरोबर नाही.

वेगळं काय करता आलं असतं

एकाच वेळी साखर, पीठ, चरबी आणि द्रव बदलण्यापेक्षा आधी फक्त उकळत्या पाकाची पायरी पक्की करायला हवी होती. ती सांभाळली असती तर २५० ग्रॅम साखरेचा केकही पहिल्याच वेळी जमला असता, आणि तिथून टप्प्याटप्प्याने खाली येता आलं असतं. ९० ग्रॅमखाली मात्र जाऊ नये. तिथे दाण्याची पिठूळ चव वर येते आणि वडीची चकाकी जाते.

दुसरं, साखरेतले २० ग्रॅम घोळात न घालता त्यांचा पातळ पाक करून देताना वडीवर पुसला असता, तर जिभेला तीच साखर जास्त गोड लागली असती. वरची गोडी आधी कळते.

तिसरं, ग्लुकोमीटर घरात होता पण वापरला नाही. वडी खाण्याआधी आणि दोन तासांनी, वेगवेगळ्या दोन दिवशी, एकदा जेवणानंतर आणि एकदा नुसत्या चहाबरोबर, असे आकडे घेतले असते तर ‘दिवसाला एक’ हा नियम अंदाजाऐवजी आजींच्या स्वतःच्या शरीरावरून ठरला असता. हे आम्ही आवर्जून सुचवतो.

चरबी थोडी घाईने काढली गेली. ती वडी मऊ ठेवते आणि सुरीला चिकटू देत नाही. १४ ग्रॅम तेलाने काम झालं, पण त्याहून कमी करण्यात फायदा नाही.

मराठी स्वयंपाकघरात करायचा असेल तर

अझुकी मोठ्या शहरांत आणि परदेशातल्या आशियाई दुकानांत मिळतात. न मिळाल्यास बारीक लाल चवळी सर्वात जवळची. ती लवकर शिजते, म्हणून २५ मिनिटांपासून तपासत राहायचं. राजमा नको. त्याचं साल जाड आणि चव वेगळी, आणि मंद आचेवर अर्धवट शिजला तर तो बाधतो. पीन-तोंगऐवजी गूळ चालतो, वजनाने तेवढाच. पाक गाळायचा आणि खारट गूळ असेल तर मीठ वगळायचं. मोदकाची बारीक पिठी साध्या पिठाच्या जागी चांगली जमते, पण ती चिकट पिठाची जागा घेत नाही. आंबेमोहोर शिजल्यावर कितीही मऊ लागला तरी चिकट तांदूळ म्हणून विकला जाणारा वाण वेगळा. प्रेशर कुकर वापरायचा तर फक्त ठेचायच्या भागासाठी. त्यात दाणे फुटतात.

मोठा साचा नसेल तर हाच घोळ तेल लावलेल्या वाट्यांत किंवा इडलीपात्रात ओतून १५ ते १८ मिनिटं वाफवता येतो. हाँगकाँगच्या रस्त्यांवर मिळणारा बुत-चाइ-गोउ असाच छोट्या वाडग्यांत होतो. वाटीतला थर दोन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर पाच मिनिटं जास्त द्यावीत आणि बाहेर काढण्याआधी पूर्ण गार होऊ द्यावा, म्हणजे कडेने सुरी फिरवली की अख्खा सुटतो.